किरणोत्साराचाही बावटा हवा

मालवणच्या बंदरावरून नकाशावर सरळ रेघ ओढली, तर उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर माडबन लागते आणि आग्नेयेस सुमारे १७० किलोमीटरांवर कर्नाटकातील कैगा लागते. कैगा येथे २००० सालापासून अणुवीज निर्माण होत आहे. तेथे प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत. माडबनला, म्हणजे ‘जैतापूर’ या नावाने देशभर गाजलेल्या जागी, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉटच्या, उभारण्याचा संकल्प आहे. डिसेंबर २०१० मध्ये त्यासाठी फ्रान्सशी प्राथमिक करार झाला. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने आपला तांत्रिक व व्यापारी प्रस्ताव सादर केला. एवढा काळ लोटला तरी तेथे भट्टी उभी राहिलेली नाही. मात्र संकल्पही कोणी मागे घेतलेला नाही.

प्रकल्प व्हावा की न व्हावा, हा वाद या लेखाचा विषय नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु या वादात एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर समर्थक आणि विरोधक या दोघांचेही एकमत व्हावयास हरकत नसावी. ती म्हणजे, कोकणच्या हवेत, मातीत आणि पाण्यात आज किरणोत्सार किती आहे, याची अखंड आणि उघड नोंद आजपासूनच ठेवली जावी. भट्टी आली तर ही नोंद लागेल. न आली तरी कैगा आहेच. आणि भट्टी सुरू झाल्यावर नोंदीला प्रारंभ करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असे होईल. कारण आधीचा आकडा ज्याच्यापाशी नाही, त्याला नंतरच्या आकड्यावरून काहीच सिद्ध करता येत नाही. कंपनीला आपली निर्दोषता सिद्ध करता येत नाही आणि ग्रामस्थालाही आपली तक्रार सिद्ध करता येत नाही.

यंत्र लहान, जाळे मोठे

किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि त्वचेलाही जाणवत नाही. त्याचा वेध घेणारे सर्वांत परिचित साधन म्हणजे गायगर-म्युलर नळी. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ साली ती सिद्ध केली. वायूने भरलेल्या नळीतून गॅमा किरण गेला की क्षणभर विद्युत्प्रवाह वाहतो आणि एक ठोका पडतो. ठोके मोजले की त्या जागी दर तासाला किती मात्रा मिळते, ते मायक्रोसिव्हर्ट या एककात सांगता येते. पूर्वी हे वाचन कोणीतरी जागेवर जाऊन घ्यावयाचा आणि वहीत टिपून ठेवावयाचा. आज तीच नळी एका लहान पेटीत बसते, सौर पट्टीवर चालते आणि मोबाइलच्या जाळ्यातून दर काही मिनिटांनी आपला आकडा शेकडो मैल दूर असलेल्या संगणकाकडे धाडते.

असे जाळे आपल्या देशातही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘आयर्मॉन’ या नावाने पर्यावरणातील किरणोत्सारावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रांचे जाळे देशभर विणले असून त्यांतील केंद्रांची संख्या सुमारे पाचशे आहे. ही यंत्रे मनुष्याच्या मदतीवाचून चालतात आणि आपली वाचने मुंबईच्या मध्यवर्ती कक्षाला कळवतात. अणुवीज केंद्रांच्या परिसरात पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळाही आहेत. त्या माती, पाणी, दूध, मासे यांचे नमुने तपासतात. तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांना हे काम येत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न विद्येचा नाही. प्रश्न असा आहे की मोजलेला आकडा कोणाच्या मालकीचा, आणि तो प्रथम कोणापर्यंत पोहोचावयाचा.

दोन अपघात, एक धडा

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे भट्टीचा स्फोट झाला. जगाला त्याचा सुगावा लागला तो दोन दिवसांनी, आणि तोही सुमारे अकराशे किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनमध्ये. फोर्समार्क येथील अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सारी धूळ सापडली. प्रथम आपल्याच भट्टीत गळती झाली असावी, असे तेथील लोकांना वाटले. मग वाऱ्याची दिशा तपासली गेली आणि संशयाचा काटा पूर्वेकडे वळला. त्यानंतरच मॉस्कोने अपघाताची कबुली दिली. त्या केंद्रापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेल्या कीव्ह शहरात मात्र १ मे रोजी नेहमीप्रमाणे संचलन झाले आणि मुलेबाळे रस्त्यावर उतरली. आकडे अधिकाऱ्यांपाशी होते. संचलनात चालणाऱ्यांपाशी नव्हते.

सोव्हिएत राजवट बंदिस्त होती, तेव्हा तेथे असे घडणारच, असे कोणी म्हणेल. पण ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाला जे झाले, ते लोकशाही देशात झाले, आणि तोही यंत्रविद्येत जगाच्या पुढे असलेला देश. किरणोत्साराचा ढग कोणत्या दिशेने जाईल, याचा अंदाज करणारी संगणक-व्यवस्था जपानपाशी होती. तिचे अंदाज वेळेवर जाहीर झाले नाहीत. नामिए गावातील अनेक कुटुंबे समुद्रापासून दूर, डोंगराकडील त्सुशिमा भागात आश्रयाला गेली. ढगही त्याच बाजूला गेला होता. जेथे सुरक्षित वाटले, तेथेच मात्रा अधिक होती. शिवाय भूकंप आणि त्सुनामी यांच्या तडाख्यात वीज आणि संपर्क तुटल्यामुळे त्या प्रांतातील बहुतेक देखरेख केंद्रे ऐन गरजेच्या वेळी मुकी झाली.

त्यानंतर जपानमध्ये जे घडले, ते आपण विशेष लक्षात घ्यावयास हवे. सरकारी आकड्यांवरचा विश्वास उडालेल्या नागरिकांनी स्वतः गायगर यंत्रे जुळवली, त्यांना उपग्रहावरून स्थान सांगणारे साधन जोडले, ती मोटारींना बांधली आणि रस्त्यारस्त्यांतून फिरवली. ‘सेफकास्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाने अशा कोट्यवधी नोंदी जमवून त्या इंटरनेटवर कोणालाही पाहता याव्यात अशा मांडल्या. या उपक्रमाची भूमिका अणुशक्तीच्या बाजूची नव्हती आणि विरोधाचीही नव्हती. म्हणूनच दोन्ही बाजूंना त्या नोंदी वापरता आल्या. युरोपात तर चेर्नोबिलनंतर हा विचार राज्यकर्त्यांनीच स्वीकारला. एकट्या जर्मनीत सुमारे १,७०० संवेदक असून त्यांचे आकडे सामान्य नागरिकाला घरबसल्या पाहता येतात.

धडा सरळ आहे. अपघात झाल्यावर विश्वास निर्माण करता येत नाही. तो शांततेच्या दिवसांत, रोजच्या कंटाळवाण्या आकड्यांनी निर्माण करावा लागतो. दहा वर्षे रोज ज्याने आकडा पाहिला आहे, तो अकराव्या वर्षी एखाद्या अफवेने पळणार नाही. आणि खरोखरच पळावयाची वेळ आली, तर सांगणाऱ्याचे ऐकेल.

घबराटीचा आक्षेप

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सामान्य माणसाला या आकड्यांतले काय कळणार? तो उगाच घाबरेल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा मालवणच्या बंदरावर उभे राहावे. वादळाची चाहूल लागली की बंदरावर बावटा चढतो. भारतीय बंदरांतील या इशाऱ्यांना १ ते ११ असे क्रमांक आहेत. तीन नंबरचा बावटा म्हणजे काय, हे येथील मच्छीमाराला विचारावे. तो हवामानशास्त्र शिकलेला नसतो, परंतु होडी पाण्यात घालावी की ओढून घ्यावी, हे त्याला त्या खुणेवरून कळते. बावटा दिसला म्हणून मालवणात कधी घबराट झाली नाही. बावटा न दिसता वादळ आले, तर मात्र घरेच्या घरे उघडी पडतात. कोलकात्याच्या बंदरात १८६५ साली अशा इशाऱ्यांना प्रारंभ झाला, त्या वेळीही खलाशांना यातले काय कळणार, असे म्हणून कोणी बावटा कचेरीच्या कपाटात ठेवला नाही.

मात्र बावट्याचा अर्थ जसा पिढ्यानुपिढ्या शिकवला गेला, तसा या आकड्याचाही अर्थ शिकवावा लागेल, हे खरे आहे. आणि कोकणात तर तो विशेष काळजीने शिकवावा लागेल. याचे कारण पाऊस. जमिनीतील युरेनियमच्या अत्यल्प अंशापासून रेडॉन नावाचा वायू सतत निर्माण होऊन हवेत मिसळतो. त्याच्यापासून होणारे शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सारी कण हवेतील धुळीला चिकटून राहतात. पावसाची जोरदार सर आली की हे कण धुऊन जमिनीवर येतात आणि यंत्राचा आकडा चढतो. थोड्या वेळापुरता दीडपट, क्वचित दुप्पटही. या कणांचे अर्धायुष्य वीस ते सत्तावीस मिनिटांचे असल्यामुळे सर थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा पूर्वपदावर येतो. याउलट, पावसाळाभर जमीन पाण्याने भिजून राहते, ओली माती खालून येणारे गॅमा किरण काही अंशी अडवते आणि सरासरी आकडा थोडा उतरतोही. हे सारे निसर्गाचे नित्यक्रम आहेत. वळवाच्या पहिल्या सरीला आकडा चढलेला पाहून कोणी ‘कैगा फुटले’ अशी आवई उठवली, तर दोष आकड्याचा नसून तो न शिकवणाऱ्यांचा असेल.

म्हणूनच आधीची काही वर्षांची नोंद अमोल ठरते. पाऊस थांबल्यावर उतरणारा आकडा पावसाचा. पाऊस नसताना चढणारा, किंवा चढून दिवसेंदिवस न उतरणारा, आकडा चौकशीचा. भट्टीतून निसटणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आणि सीझियम-१३७ चे सुमारे तीस वर्षांचे असते. ते पावसाच्या सरीबरोबर जमिनीवर येतील, पण सरीबरोबर निघून जाणार नाहीत. हा भेद नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला आलेखावरून सहज समजावता येतो. किंबहुना विज्ञानाच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

जागेचाही फरक पडतो. उघड्या पुळणीवर ठेवलेले यंत्र आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीला टेकवलेले यंत्र यांचे वाचन सारखे येणार नाही, कारण दगडातही थोरियम-युरेनियमचे अंश असतात. केरळच्या करुनागपल्ली भागातील किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार जगाच्या सरासरीहून कितीतरी पट अधिक आहे; तेथील लोकसंख्येचा तिरुअनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने दीर्घकाळ अभ्यास केला, पण त्यामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. आकडा म्हणजे धोका नव्हे. आकड्यातील अकारण बदल म्हणजे चौकशीचे कारण. एवढे एक वाक्य लोकांच्या मनावर ठसले, तरी अर्धी घबराट ओसरेल.

यंत्राला न दिसणारे

परंतु संवेदक बसवले म्हणजे सारे साधले, असे मानणेही तितकेच घातक आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम गेले. हा प्रकार उघडकीस आला तो कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात की खांबावरच्या गायगर नळीला त्यांची खबरही लागत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत पोहोचला आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. तो स्रोत विद्यापीठाच्या लिलावातील जुन्या उपकरणातून आला होता. अशा प्रसंगी काही मैलांवरचा संवेदक निरुपयोगी. तेव्हा यंत्रांच्या जाळ्याबरोबर नमुन्यांची तपासणी हवी. आणि मालवणच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नमुना म्हणजे मासा.

येथेच या विषयाचा पोटाशी संबंध येतो. फुकुशिमानंतर २०१३ साली दक्षिण कोरियाने त्या प्रांतातील आणि आसपासच्या सात प्रांतांतील मासळीची आयात बंद केली. २०२३ साली फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास प्रारंभ होताच चीनने जपानची सारी सागरी खाद्ये नाकारली. मासा दूषित असो वा नसो, संशयानेच बाजार कोसळतो. त्यावर तेथील मच्छीमारांनी काय केले? जपान सरकारने २०१२ पासून अन्नातील सीझियमची मर्यादा किलोमागे १०० बेकरेल ठरवली होती. फुकुशिमाच्या मच्छीमार संघाने स्वतःसाठी तिच्या निम्मी, म्हणजे ५० बेकरेलची मर्यादा घालून घेतली आणि बंदरावर उतरणाऱ्या मासळीची तपासणी सुरू केली. ग्राहकाला त्यांनी आश्वासन दिले नाही, आकडा दिला.

उद्या माडबनला किंवा कैगाला काहीही न घडता केवळ अफवा उठली, तर मालवणच्या बांगड्याला आणि सुरमईला कोण वाचवील? मंत्र्यांचे निवेदन वाचवणार नाही. गेल्या दहा वर्षांचे तिसऱ्या, कालवे आणि मासळी यांच्या तपासणीचे तक्ते मच्छीमार संस्थांपाशी असतील, तर ते वाचवतील. म्हणून ही मागणी मच्छीमारांनीच पुढे रेटली पाहिजे.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यात निदान एक संवेदक बसावा, आणि त्याचा आकडा बंदरावर, एस.टी. स्थानकावर व पंचायत समितीच्या कचेरीवर मराठीत झळकावा. त्याच्याशेजारी त्या ऋतूतील नेहमीचा आकडाही असावा, म्हणजे वाचणाऱ्याला तुलना करता येईल.

दुसरी गोष्ट, मोजणारे हात दोन असावेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्राशेजारी महाविद्यालयाचे किंवा शासकीय तंत्रनिकेतनाचे यंत्र असावे, आणि दोहोंचे मापांकन एकाच प्रमाणित स्रोतावर ठराविक काळाने व्हावे. मालवणात तंत्रनिकेतन आहे, महाविद्यालय आहे. अशा यंत्राची निगा राखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. स्वस्त यंत्रे चुकतात, हे खरे. पण दोन यंत्रे शेजारी असली की चूक लपत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. भट्टी चालवणारा, तिच्यावर नियंत्रण ठेवणारा आणि तिच्याशेजारी राहणारा, असे तीन पक्ष यापुढे अधिक स्पष्टपणे वेगळे होतील. तिसऱ्या पक्षाच्या हाती काहीच मोजमाप नसावे, हे न्यायाला धरून नाही.

तिसरी गोष्ट, यंत्राला वादळात जिवंत ठेवले पाहिजे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. संपर्क तुटला तरी यंत्राने आपल्या स्मृतीत नोंद करीत राहावे आणि संपर्क जुळताच ती पाठवावी. फलकावर मात्र जुना आकडा तसाच झळकत ठेवू नये. ‘संपर्क नाही’ असे स्वच्छ लिहावे. बंदराच्या बावट्यांतही अकरावा क्रमांक याच अर्थाचा आहे: हवामान केंद्राशी संपर्क तुटला असून हवा बिघडण्याचा धोका आहे. मौन हीही एक खूण आहे, हे जुन्या लोकांनी ओळखले होते.

चौथी आणि अखेरची गोष्ट, एकदा नोंदलेला आकडा कोणालाही खोडता येऊ नये. दुरुस्ती करावयाची तर मूळ आकडा ठेवून, कारण लिहून करावी. खातेवहीत कारकून करतो तशी.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही, आणि भट्टीच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे. लागते ती एवढीच वृत्ती की ज्याच्या अंगणात मोजले, त्याला आधी सांगावे. या जिल्ह्याला ती वृत्ती परकी नाही. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ काढले, आणि पुढे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी सांभाळले. वेध घेणे आणि वृत्त देणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. घेतलेला वेध लोकांपासून दूर ठेवण्याची प्रथा त्यांच्या नंतरची आहे, आणि ती मोडण्यासाठी माडबनच्या निर्णयाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.